कूलर बंद करण्याचा मान

ताईचं पत्र आलं की मी आधी शेवट वाचतो. आमच्या घरात वाईट बातमी नेहमी पत्राच्या शेवटी लिहितात. आधी ऊन-पाऊस, मग पोरांचे मार्क, मग आंब्याच्या लोणच्याचं, आणि मग एका ओळीत, "बाकी, आबा पडले." त्यामुळे पाकीट फाडताना माझी बोटं गार पडतात. या वेळी शेवटी वाईट काही नव्हतं. तरी तो शेवट वाचून मी जेवणाची घंटा होऊन गेली तरी पत्र हातात धरून बसून राहिलो. तो शेवट मी इथेही शेवटीच सांगणार आहे. आधी पत्राची सुरुवात.

"कूलर खिडकीत बसवला. जाळ्या घासल्या, नवी खस भरली. पहिल्या दिवशी घरभर वास सुटला, तवा तुझी आठवण झाली," असं ताईने लिहिलं आहे.

मी आता राहतो तिथे कूलर कुणाला ठाऊक नाही. हे समुद्रकाठचं गाव. गोदीत जहाजांचे पत्रे जोडायचं माझं काम. इथली हवा आधीच भिजलेली, तिला आणखी भिजवून काय करणार? माझ्या खोलीतला सोबती जोसेफ एकवीस वर्षांचा आहे, इथलाच. त्याला मी एकदा कूलर समजावून सांगायला बसलो. म्हटलं, पत्र्याचा डबा असतो, तीन बाजूंना गवत, गवतावर पाणी पडतं, आत पंखा. तो म्हणाला, "मग त्यात गाय बांधता का?" मी हसलो. पण नागपूरचा मे महिना ज्याने काढला नाही त्याला काय सांगणार? दुपारी बारानंतर रस्ते ओस, खिशात कांदा, डोक्याला दुपट्टा, आणि दुपट्ट्यातून दिसणारे फक्त डोळे, तेही बारीक केलेले. अशा उन्हातून घरात शिरलं आणि ओल्या खशीचा पहिला झोत तोंडावर आला की माणूस बोलायचं विसरतो. त्या वासाने कुणाला आजोळ आठवत असेल, कुणाला सुट्टीतले पत्ते. मला देशकर सर आठवतात आणि माझे दात आपोआप आवळले जातात.

आठ उन्हाळे झाले. अजूनही आवळले जातात.

नागपुरात सीताबर्डीच्या, लोकांच्या तोंडी नुसत्या बर्डीच्या, मोठ्या रस्त्यामागे एका गल्लीत विनूभाऊंचं दुकान होतं. उन्हाळ्यात कूलर बनवायचे, बाकीच्या दिवसांत रेडिओ-पंखे दुरुस्त करायचे. दुकानाच्या वर दोन खोल्यांत ते आणि शोभावहिनी राहत. दर रविवारी दुपारी तीन वाजता त्यातल्या बाहेरच्या खोलीत बैठक भरायची. बैठक म्हटल्यावर तुम्हाला तबला-पेटी दिसली असेल. तिथे एक रेकॉर्ड प्लेअर होता, विनूभाऊंनी स्वतः बनवलेले माणसाच्या छातीइतके उंच दोन स्पीकर होते, आणि चार माणसं होती. हेवी मेटल हा शब्द त्या काळी नागपुरात किती जणांना माहीत होता, मला सांगता येणार नाही. त्या चौघांना होता.

विनूभाऊ चाळिशीच्या आतबाहेरचे. कमी बोलणारे. देशकर सर कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, गाण्यातले शब्द त्यांनाच कळायचे, म्हणून बैठकीत त्यांचा शब्द शेवटचा. रेल्वेतले बंडूभाऊ सरांचा तो शेवटचा शब्द पुन्हा एकदा उच्चारायचे, बस. सर म्हणाले "वजन", की बंडूभाऊ मान हलवून म्हणायचे, "वजन!" आणि चौथा मी. वीस वर्षांचा, नववीत शाळा सोडलेला, खापरखेड्याच्या वीजकेंद्रात बॉयलरच्या कामावर ठेकेदाराकडे वेल्डर.

मी तिथे कसा पोचलो, ते सांगितलं पाहिजे, कारण त्यात विनूभाऊंचे उपकार आहेत आणि ते मी कधी नाकारले नाहीत. माझं घर उमरेडचं, विणकराचं. मी झोपायचो ती जागा आबांच्या हातमागापासून चार हातांवर. पायाचा दाब, धोट्याची धाव, फणीचा ठोका. पोटात असल्यापासून मी तो ठोका ऐकला असणार. मी नववीत असताना माग बंद पडला. कुणी मेलं नाही, काही जळलं नाही, नुसता एक आवाज थांबला. घर मुकं झालं. आबा भिंतीला टेकून बसायचे आणि त्यांची बोटं मांडीवर तो ठोका धरायची. मला ते पाहवायचं नाही. मी वेल्डिंग शिकायला निघून गेलो.

मग एकदा नागपूरला ताईकडे आलो असताना तिचा रेडिओ दुरुस्तीला घेऊन विनूभाऊंच्या दुकानात गेलो. माडीवरून आवाज येत होता. जड, संथ, घामेजलेला. खाली ढोल असा पडत होता की दुकानातले स्क्रू डबीत थरथरत होते. मी रेडिओ काखेत धरून तसाच उभा राहिलो. मला ते गाणं आहे हेही कळलं नव्हतं. मला फक्त एवढंच कळलं की आमचा माग चालू झाला आहे.

"काहून थांबला गा?" विनूभाऊंनी विचारलं.

"हे कोण वाजवून राहिलं?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. रेडिओ काखेतून काढून घेतला, टेबलावर ठेवला, म्हणाले, "रविवारी ये. तीन वाजता. कांदा घेऊन ये खिशात, ऊन लागीन."

एवढंच. माझं शिक्षण विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही. माझ्यासारख्याला कुणी "ये" म्हणावं, हे मला त्या आधी फार वाट्याला आलं नव्हतं. खापरखेड्याहून बसने येताना प्रत्येक रविवारी मला वाटायचं, की आज जिन्यावरच म्हणतील, आता पुरे. जिना चढायच्या आधी मी दोनदा चप्पल झटकायचो.

आता त्या खोलीचा नियम सांगतो. कूलर खिडकीत, घरचाच, मोठा. तो चालू असला की खोलीत पाऊस पडल्यासारखा एकसारखा घरघराट. तशात गाणं ऐकू यायचं, पण वरवरचं. तळ बुडून जायचा. म्हणून एखादी रेकॉर्ड खरंच ऐकण्यासारखी असली की विनूभाऊ एक बोट वर करायचे आणि म्हणायचे, "कूलर." बटणाजवळ जो असेल तो उठून बंद करायचा. पंखा थांबेपर्यंत सगळे गप्प. खशीतून पाण्याचे शेवटचे थेंब टपटपायचे. आणि मग मे महिन्यातल्या नागपुरात, दुपारी तीन वाजता, बंद खोलीत, चार माणसं घामाने निथळत बसायची. कपाळ पुसायचं नाही, कारण पुसताना सदऱ्याचा आवाज होतो. वीस-वीस मिनिटं. हा मान होता. कूलर ज्याच्यासाठी बंद होतो तो मोठा, ज्याच्यासाठी चालू राहतो तो किरकोळ. शब्दांनी कुणी काही सांगायची गरज नव्हती.

ज्यांना तो मान मिळायचा ते सगळे जुने, दहा-बारा वर्षांपूर्वीचे. बैठकीत त्यांना "लोहार" म्हणायचे. सर सांगायचे की ते गिरण्या-भट्ट्यांच्या गावातले लोक, लोखंडाच्या आवाजात वाढलेले, म्हणून त्यांच्या वाजवण्याला वजन आहे. मी ते ऐकून मनातल्या मनात आबांना त्यांच्या शेजारी बसवायचो.

"अन् आजकालचे?" सर डोळे बारीक करून म्हणायचे. "त्यांच्याकडे गती आहे फक्त. ज्याच्याकडे सांगायला काही नसते ना, तो भरभर बोलते."

"भरभर बोलते," बंडूभाऊ.

मला ते पटायचं. पटलेलं होतं, तोवर.

एप्रिलच्या अखेरीस खापरखेड्याच्या खोलीतल्या माझ्या सोबत्याच्या मावसभावाने पुण्याहून एक कॅसेट आणली. नव्या पोरांचा बँड. कव्हर नव्हतं, कुणीतरी बॉलपेनने बँडचं नाव वीज पडल्यासारख्या अक्षरांत काढलं होतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी उठून उभा राहिलो. हा आबांचा माग नव्हता. यंत्रमाग होता. दहा माग एकाच वेळी. ज्याने आमचा माग बंद पाडला तोच हा वेग, पण इथे तो कुणाच्या तरी हातात होता, कुणीतरी त्याला लगाम घालून पळवत होता. मला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्ही आवडलं. मी ती कॅसेट रुमालात बांधून रविवारी सीताबर्डीला नेली. बसमध्ये मी दोन वाक्यं पाठ केली होती: भाऊ, एक नवं आणलं. तुम्ही ऐका आणि खरं काय ते सांगा.

पहिलंच वाक्य अडखळलं. विनूभाऊंनी कॅसेट घेतली, स्पीकरला जोडलेल्या टेपमध्ये लावली. कूलर चालू होता. मी वाट पाहिली. गाणं सुरू होऊन अर्धं झालं, बोट वर झालं नाही. तळ बुडाला होता, नुसतं वरचं तडतडणं ऐकू येत होतं. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "कूलर बंद करू का?"

"कशाले?" देशकर सर म्हणाले. "आवाज झाकला जाते तेवढा बरा आहे."

बंडूभाऊ हसले. सरांना रंग चढला. "ऐका, ऐका, हा बघा मोपेडवाला आला. चढावर पहिला गिअर! अरे, हे गाणं आहे की बर्डीवरून धरमपेठला दूध पोचवून राहिला?" मग माझ्याकडे वळून, "तुझा काही दोष नाही बावा. नववीपर्यंत शिकलेल्या कानाले हेच लागणार. दहावीत गेला असता तर वजन म्हणजे काय ते शिकवतात, विज्ञानाच्या पुस्तकात."

त्या दिवसापासून माझं नाव "नववी" पडलं. "ए नववी, सरक." "नववीला विचारा, मोपेड कुठे लावली." इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाने एवढं बोलणं हे मी पचवलं असतं. शिकलेली माणसं बोलतात, मला सवय होती. पण त्या दिवशी विनूभाऊही हसले. मोठ्याने नाही, ओठ दाबून. मी ते पाहिलं आणि त्यांनी मी पाहिलेलं पाहिलं. गाणं संपायच्या आधीच त्यांनी बटण दाबून कॅसेट काढली आणि माझ्या हातात दिली. कॅसेट गरम होती. खाली उतरताना शोभावहिनींनी पन्ह्याचा पेला पुढे केला. "बोलतात ते, मनावर नको घेऊ गा," म्हणाल्या. मी पन्हं प्यायलो. गोड होतं की आंबट, आठवत नाही. मनावर घेतलं होतं.

सूड म्हटलं की लोकांना सुरा-कोयता सुचतो. मला काय हवं होतं सांगू? मला त्या खोलीत, त्या माणसांच्या देखत, त्या गाण्यासाठी कूलर बंद झालेला हवा होता. बाकी काही नको. आणि देशकर सरांच्या कानशिलावरून घाम ओघळताना बघायचा होता. बॉयलरच्या पोटात शिरून नळ्या जोडताना, काचेआड डोळे, अंगावर ठिणग्या, मी तेच चित्र पुन्हा पुन्हा पाहायचो. माझे जोड त्या महिन्यात फार चांगले यायचे. राग हाताला स्थिर करतो, हे मला तेव्हा कळलं.

आमच्या कामात एक रीत असते. प्रत्येक वेल्डरला आकडा असतो. जोड पूर्ण झाला, वरची खपली ठोकून काढली, की शेजारी पत्र्यावर आपला आकडा ठोकायचा. उद्या जोड फुटला तर कुणाचा ते कळावं म्हणून. त्यामुळे कुठलीही वस्तू हातात आली की माझी नजर आधी आकडा शोधते. अक्षरं मग.

साइटवर मशिनरीबरोबर आलेला एक तरुण इंग्रज तंत्रज्ञ होता. त्याच्या खुर्चीचा पाय मी जोडून दिला होता. मे महिन्यात तो परत निघाला तेव्हा सामान आवरताना त्याने मला बोलावलं आणि एक मोठी रेकॉर्ड दिली. भावाने घरून पाठवली होती, पण त्याच्याकडे प्लेअरच नव्हता. तीन महिने ती पेटीत पडून होती. कव्हरवर वीज पडल्यासारखी अक्षरं. मी खिशातून कॅसेट काढून शेजारी धरली. तीच अक्षरं. तोच बँड. आणि गाणंही तेच, मी चाल गुणगुणली तर त्याने कव्हरवरच्या नावावर बोट ठेवून दाखवलं. आतली तबकडी काढली. मध्ये कोरा पांढरा गोल कागद, बाजारात यायच्या आधी वाटतात तसल्या प्रतींचा. त्यावर नाव नाही, गाव नाही. फक्त निळ्या शाईत लहानसा आकडा: 45.

तो आकडा पाहिला आणि माझ्या छातीत काहीतरी जोडलं गेलं.

कारण मार्चमध्ये विनूभाऊंनीच मला शिकवलं होतं. लहान तबकडी मिनिटाला पंचेचाळीस फेरे फिरते, मोठी तेहतीस. प्लेअरवर खटका असतो. गंमत म्हणून त्यांनी बालगीताची एक लहान तबकडी तेहतीसवर लावून दाखवली होती. गाणारी चिमुरडी एकदम घोगऱ्या आवाजाचा बुवा झाली. वहिनी हसून हसून दाराला टेकल्या होत्या. "मोठी तेहतीस, लहान पंचेचाळीस," विनूभाऊ म्हणाले होते, "हे ध्यानात ठेव, बाकी सगळं कान सांगते." नागपुरात तेव्हा मोठी तबकडी पंचेचाळीसची असते हे कुणी पाहिलंच नव्हतं. मीही नाही. पण माझ्या हातात ती होती, आणि तिच्यावर तिचा आकडा ठोकलेला होता.

कव्हर मी खोलीवर ट्रंकेत ठेवलं. तबकडी वर्तमानपत्रात गुंडाळली. त्या रविवारी बसमध्ये मी काही पाठ केलं नाही.

"एका इंग्रज साहेबाने दिली," मी म्हणालो. "कुणाची आहे, माहीत नाही." पूर्ण प्रकरणात मी खोटं बोललो ते एवढंच. बाकी मी फक्त गप्प बसलो.

देशकर सरांनी ती हातात घेतली, कडा धरून, उजेडाकडे तिरपी केली. निळा आकडा त्यांनी पाहिला. सर हळू आवाजात म्हणाले, "विनू, हे बघ. पंचेचाळीसावी प्रत आहे. मोजक्या काढतात ह्या, स्वतःच्या माणसांसाठी, अन् हाताने आकडा टाकतात."

"हाताने आकडा," बंडूभाऊ म्हणाले.

मी म्हणू शकलो असतो. तोंड उघडायचं होतं फक्त. विनूभाऊंनी खटक्याकडे पाहिलंही नाही, मोठी तबकडी होती, खटका तेहतीसवरच होता. सुई ठेवली.

आणि ते जे आलं ना, ते मलाही अपेक्षित नव्हतं. मोपेड कुठल्या कुठे गेली. जमिनीखालून काहीतरी वर येत होतं. ढोल पडत होता तो भट्टीतला घण. गिटार चिखलातून लोखंडी साखळी ओढावी तशी. गाणारा पोरगा म्हातारा झाला होता, सात जन्म जागा असलेला. विनूभाऊंचं बोट वर गेलं.

"कूलर."

मी उठलो. बटणाजवळ मीच होतो. बंद केलं. पंखा मंदावला, थांबला. खशीतून थेंब पडले, एक, दोन, आणि थांबले. खोली तापायला लागली. मी गाणं ऐकलं नाही. मी देशकर सरांचं कानशील पाहत होतो. पहिला थेंब केसांतून निघाला, कानाजवळ थांबला, मग जबड्यावरून खाली गेला. त्यांनी पुसला नाही.

गाणं संपलं. मग सर डोळे न उघडता म्हणाले, "याला म्हणतात वजन. हे लोहारांच्याही आधीचं आहे, मी सांगतो. यांच्याकडूनच शिकले असतील ते. अन् आजकालच्या त्या पोट्ट्यांना हे ऐकवा म्हणा एकदा, मोपेडी विकून टाकतील. पुन्हा लाव विनू."

पुन्हा लावलं. पुन्हा घाम. दुसऱ्यांदा संपल्यावर सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, ओला हात, आणि म्हणाले, "नववी, आज तू पास झाला."

मी उठलो. प्लेअरपाशी गेलो. त्या खोलीत विनूभाऊंशिवाय प्लेअरला कुणी हात लावत नसे. मी खटका तेहतीसवरून पंचेचाळीसवर सरकवला आणि सुई पहिल्या रेघेवर ठेवली.

तेच गाणं. दहा यंत्रमाग. लगाम घातलेला वेग. महिन्याभरापूर्वी ज्याच्यावर हसले होते ते, प्रत्येक शब्द, प्रत्येक ठोका. आणि कूलर बंद. तळ लख्ख ऐकू येत होता. पळता येत नव्हतं कुणाला. सरांचा चेहरा मी आधी पाहिला नव्हता तसा झाला. बंडूभाऊंनी सरांकडे पाहिलं, पण उच्चारायला शेवटचा शब्दच नव्हता.

गाणं संपलं. मी म्हणालो, "सर, मोपेड."

आतल्या दारातून शोभावहिनी खळखळून हसल्या. माझ्या आयुष्यातला सगळ्यात गोड आवाज तो. देशकर सर उठले, दुपट्टा उलटासुलटा डोक्याला गुंडाळला, आणि ऐन उन्हात जिना उतरून गेले. कांदा टेबलावर राहिला. बंडूभाऊ त्यांच्यामागे.

खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला. आजही त्या उलट्या बांधलेल्या दुपट्ट्याची आठवण झाली की माझं मन निवतं. कूलरपेक्षा जास्त.

पण खोलीत विनूभाऊ उरले होते. त्यांनी तबकडी काढली, पांढऱ्या कागदावरचा आकडा अंगठ्याने चाचपला. "तुले माहीत होतं?"

"हो."

"मी तेहतीसवर लावली, तवाच?"

"हो."

"मले तर सांगायचं होतं गा," ते म्हणाले. "मोठी तेहतीस, लहान पंचेचाळीस. मीच शिकवलं न तुले."

"तुम्ही हसले होते," मी म्हणालो.

त्यांनी तबकडी माझ्या हातात दिली. उठले, स्वतः जाऊन कूलर चालू केला. पाण्याचा घरघराट खोलीत भरला आणि मला कळलं की आता जायचं आहे. पुढच्या रविवारी मी गेलो. जिन्यावर चप्पल दोनदा झटकली. खोलीत विनूभाऊ एकटे. त्यांनी जुन्या लोहारांची सगळ्यात लाडकी रेकॉर्ड लावली. बोट वर केलं नाही. आम्ही दोघांनी ती कूलरच्या आवाजात ऐकली, वरवरची. निघताना मी पंचेचाळीसची तबकडी त्यांच्या टेबलावर ठेवली. "राहू द्या तुमच्याकडे," म्हणालो. जूनमध्ये ठेकेदाराने माणसं या समुद्राकडे पाठवायला काढली, मी नाव दिलं. कूलर मी जिंकला होता, खोली गेली होती. उमरेडला माग थांबला तेव्हा घर मुकं झालं होतं. या वेळी मुकं मी केलं होतं.

इतकं असूनही देशकर सरांना मी माफ केलेलं नाही. करणारही नाही. लोक म्हणतात, वय वाढलं की राग विरतो. माझं अठ्ठावीस झालं, अजून विरलेला नाही. उलट गेल्या महिन्यात मी त्यांच्यावर दुसऱ्यांदा सूड घेतला आणि तो पहिल्यापेक्षा मोठा आहे.

जोसेफने कुठून तरी आजकालच्या एका बँडची टेप आणली. माझी ती नवी पोरं यांच्यापुढे संथ वाटावीत इतका वेग. ढोल म्हणजे पत्र्यावर गारा. गाणारा गात नव्हता, भुंकत होता. मी खाटेवर पडलेलो, डोक्यावर पंखा. अर्ध्या मिनिटात एक शब्द माझ्या जिभेच्या टोकावर आला. सरांचाच शब्द. त्यांच्याच चालीत. जोसेफ माझ्या तोंडाकडे पाहत होता, आणि त्याचे डोळे मला ओळखीचे वाटले. दोन वाक्यं पाठ करून आला असावा.

मी तोंड मिटलं. उठलो, पंखा बंद केला.

"करंट गया?" जोसेफ घाबरला.

"नहीं. बैठ. सुन."

समुद्राकाठची दुपार, बंद पंखा. घाम मानेवरून पाठीत, पाठीतून खाटेत. मी टेपची एक बाजू ऐकली, मग पालटून दुसरी. कपाळ पुसलं नाही. शेवटी जोसेफने विचारलं, कैसा लगा? मी म्हणालो, नाही आवडलं. आणि खरंच नाही आवडलं. पण तळापर्यंत ऐकलं. सर, हे तुमच्याने झालं नव्हतं. एमए होऊन झालं नव्हतं.

आता ताईच्या पत्राचा शेवट. तिला यातलं काही ठाऊक नाही. तिच्यासाठी विनूभाऊ म्हणजे माझ्या ओळखीचे कूलरवाले, बस.

"परवा कूलरचा पंप जळला. पोरं तापून राहिली होती, म्हणून भर उन्हात तीन वाजता बर्डीवर गेले. रविवार, दुकान बंद. म्हणून वर गेले तर काय पाहते, खोलीतला एवढा मोठा कूलर बंद, आणि विनूभाऊ एकटेच घामाने चिंब होऊन बसलेले. एक मोठी रेकॉर्ड लावून ठेवली होती, त्यातून मोपेड जिन्यावरून गडगडत खाली यावी तसा आवाज. मी म्हटलं, अहो, जीव जाईन की तुमचा, आणि बटण दाबायला गेले, तर उठून माझा हात धरला. म्हणाले, थांब वं बाई, संपू दे. संपेपर्यंत मला उभं ठेवलं, उकडून जीव गेला. कूलरचा धंदा करणारा माणूस, आणि स्वतःच्या घरी ही तऱ्हा! तुझे सोबती सगळे असेच का रे? पंप मात्र चांगला दिला."